धानाच्या मुलखात सर्फबोर्ड: घरची बांधणी आणि फिनची निवड

गोंदिया, भंडारा किंवा गडचिरोलीहून समुद्र गाठायचा तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो. नकाशावर एकदा पट्टी लावून बघा. गोंदियाहून रायपूरमार्गे विशाखापट्टणम, नाहीतर बल्लारशाहवरून सरळ चेन्नई. दोन्हीकडे लाटा आहेत, दोन्हीकडे सर्फिंग शिकवणारे आहेत. तरीही इकडच्या कुणा पोराने सर्फबोर्ड करायचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, इथं कुठं आला समुद्र? बोर्ड चालवायला समुद्र लागतो, बांधायला नाही. बांधायला लागते सावलीची कोरडी जागा, रंधा धरलेला हात, थंडीचे दोन-तीन महिने आणि मोजून काम करायची सवय. हे सगळं पूर्व विदर्भातल्या कुठल्याही धानाच्या गावात मिळतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिला बोर्ड मोठा, जाड आणि साधा करा. त्याला फिन, म्हणजे शेपटाखाली उभं राहणारं पातळ पातं, एकच ठेवा आणि ती काढता-घालता येणारी ठेवा. बाकीची हौस दुसऱ्या बोर्डासाठी राखून ठेवा. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

सामान

गावात सुतार आहे आणि जंगल जवळ आहे, म्हणून सगळ्यात आधी लाकडाचाच विचार मनात येतो. तो चुकीचा नाही. हवाईतले लोक ओलो नावाचे लांबलचक बोर्ड विलिविली नावाच्या हलक्या लाकडाचे करत. ही विलिविली आणि आपल्या बांधावरचा पांगारा एकाच घराण्यातले, दोन्ही एरिथ्रिना. पण अख्ख्या लाकडाचा बोर्ड उचलायलाच दोन माणसं लागतात. टॉम ब्लेक या अमेरिकी सर्फरने आतून पोकळ बोर्ड करून वजन उतरवलं आणि १९३२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पोकळ बोर्डाचे सांधे मात्र पाणी न झिरपता बसवणं हे कसबी सुताराचं काम आहे. नवख्याने थर्माकोलपासून सुरुवात करावी.

थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातला चालत नाही. बोर्डाला घट्ट दाण्याचा लागतो, घनमीटरला किमान २० किलो, २४ मिळाला तर उत्तम. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, काट्यावर जा. १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड पत्र्याचं वजन ५०० ग्रॅम भरलं तर तो २० किलोचा माल. ३५० ग्रॅम भरला तर परत ठेवा, त्यावर गुडघा टेकला की खळगा पडेल. पत्रे एकावर एक चिकटवत बसण्यापेक्षा नागपूरकडच्या थर्माकोलवाल्याला सांगून अखंड ठोकळा कापून घ्या: लांबी ८ फूट ८ इंच, रुंदी २ फूट, जाडी ६ इंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. विदर्भात फायबरचं काम करणारा माणूस शोधावा लागत नाही. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, मूर्तींचे साचे, हे सगळं तो करतोच. त्याच्याकडचं रेझिन मात्र बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल खाऊन टाकतं. तुम्ही घासून-पुसून आकार दिलेला बोर्ड काही मिनिटांत खड्डे पडून बसेल. थर्माकोलला फक्त इपॉक्सी. फायबरवाल्याकडून कापड घ्या, स्क्वीजी, म्हणजे रेझिन पसरायची पट्टी, कशी ओढायची ते शिका, पण त्याचा डबा घरी आणू नका. आणलेलं रेझिन नक्की कोणतं याची शंका आली तर थर्माकोलच्या तुकड्यावर चमचाभर टाकून पाहा, उत्तर लगेच मिळतं.

इपॉक्सी हार्डनरसकट तीन किलो लागेल. काचेचं कापड २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, बोर्डाच्या लांबीचे तीन तुकडे: दोन वरच्या बाजूला, एक खाली. मधल्या कण्यासाठी, ज्याला सर्फवाले स्ट्रिंगर म्हणतात, ६ मिमीचा मरीन प्लाय पुरतो. बुरडांच्या घरी पिकलेला, वाळलेला बांबू मिळत असेल तर त्याच्या कामट्या रंधून एकमेकींना इपॉक्सीने चिकटवून केलेला कणा प्लायपेक्षा चिवट होतो. मात्र बांबू किडीविरुद्ध औषध दिलेला हवा. एकदा आत बंद झाला की भुंगा आतल्या आत भुसा पाडतो आणि तुम्हाला कळतही नाही.

बाकी रंधा, बारीक दाताची करवत, गुण्या, जाळीची कानस, ४० ते २२० नंबरचे पॉलिश पेपर, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, नायट्राइलचे हातमोजे, धुळीचा आणि वाफांचा मास्क. काटा आणि हातमोजे यांत काटकसर करू नका. इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं की काहींना त्याची कायमची ॲलर्जी होते आणि मग आयुष्यभर या कामाजवळ जाता येत नाही.

मोजमाप

नवशिक्याचा बोर्ड त्याला तरंगवून धरणारा हवा. साधा अंदाज असा की बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये निदान तुमच्या किलोंएवढं असावं, थोडं जास्त असलं तर उत्तमच. हिशेब घरी करता येतो. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा, १००० ने भागा आणि आलेल्या आकड्याला ०.६ ने गुणा. ८ फूट ६ इंच लांब, साडेबावीस इंच रुंद, ३ इंच जाड बोर्ड म्हणजे साधारण २६० गुणिले ५७ गुणिले ७.५. ते झाले १११ लिटर, आणि त्याचे ०.६ म्हणजे ६७ लिटर. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला हा बोर्ड पुरतो. वजन जास्त असेल तर लांबी ९ फूट, रुंदी २३ इंच आणि जाडी सव्वातीन इंच करा आणि ठोकळाही त्या मापाने मागवा. इंटरनेटवर दिसणारे साडेपाच-सहा फुटांचे टोकदार बोर्ड पाहून मोह होतो, तो आवरा. त्यावर उभं राहायला वर्षानुवर्षं समुद्राकाठी राहणारी माणसं लागतात.

बोर्ड सपाट नसतो. नाकाकडे साधारण ४ इंच आणि शेपटाकडे २ इंच वर वळलेला असतो. या वळणाला रॉकर म्हणतात. हार्डबोर्डवर बोर्डाची बाजूने दिसणारी आकृती काढा, मधला तळ सपाट आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू चढत जाणारी. खिळे ठोकून त्यांना बांबूची पातळ कामटी वाकवून टेकवली की हाताने कधी येत नाही अशी सलग रेघ मिळते. वरून दिसणाऱ्या आकाराचा साचा अर्धाच करा आणि मध्यरेषेवर उलटवून दुसरी बाजू आखा, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात.

कापणी आणि घासणी

काम कार्तिकात धान निघाल्यावर काढा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ यासाठी देवाने दिल्यासारखा आहे: हवा कोरडी, दिवस पंचवीस-अठ्ठावीस अंशांचे. पावसाळ्यात इपॉक्सीवर ओलाव्याचा मेणचट थर धरतो. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तर विचारूच नका. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी साधारण दुप्पट वेगाने आवळतं. डब्यावर तीस मिनिटं लिहिलेलं रेझिन त्या उन्हाळ्यात हातातल्या वाटीतच धूर सोडतं.

ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना बाजूच्या आकृतीचे साचे बसवा आणि तापलेल्या तारेने दोन माणसांनी मिळून कापा. तार नायक्रोमची, लाकडी धनुकलीत ताणलेली, अडीच फूट लांब. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ती पुरेशी तापते. घरच्या विजेला तार थेट जोडायची नाही, यात कसलीही सूट नाही. तार लाल होता कामा नये, लाल झाली की ती थर्माकोल कापत नाही, जाळते. हे काम उघड्यावर करा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवून उभे राहा.

मग ठोकळा मध्यरेषेवर उभा चिरा, मध्ये कणा घाला आणि दोन्ही अर्ध्या भागांना इपॉक्सी लावून आवळा. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांसारखं दुसरं साधन नाही. त्या ताण सगळीकडे सारखा देतात आणि थर्माकोलला खाच पाडत नाहीत. रात्रभर तसाच राहू द्या.

पुढचं काम प्रकाशाचं आहे. वरून दिवा असला की उंचसखल दिसत नाही. टिनाच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंना, बोर्डाच्याच उंचीवर एकेक ट्यूबलाइट लावा आणि वरचा दिवा बंद करा. आडव्या उजेडात हाताला न लागणारा खळगासुद्धा सावली टाकतो. आमच्या गावातले सुतारकाका तर बोर्डाच्या शेपटाशी एक डोळा मिटून बसतात, नाकाकडे बघतात आणि बोट ठेवून सांगतात की इथे दोन रंधे अजून. मोजून पाहिलं तर तिथेच जास्त भरतं. असा माणूस शेजारी असेल तर त्याला रोज संध्याकाळी चहाला बोलवा.

आधी वरून दिसणारा आकार कापा आणि करवत काटकोनात धरा. मग रंध्याने वरची आणि खालची बाजू समतल करा. थर्माकोलवर रंध्याचं पातं अगदी धारदार हवं, बोथट पातं दाणे उपटतं. कडा शेवटी. आधी पंचेचाळीस अंशांची एक पट्टी पाडा, मग तिच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणखी बारीक पट्ट्या, मग जाळीने घासून गोल. दोन्ही बाजूंना पट्ट्यांची रुंदी पेन्सिलीने आखूनच पाडा, नजरेवर विसंबू नका. कड पुढच्या दोन तृतीयांश भागात मऊ, गोल असावी आणि शेपटाकडच्या शेवटच्या दीड-दोन फुटांत खालच्या बाजूला थोडी धारेची, म्हणजे पाणी तिथून सुटून जातं.

थर्माकोलचा भुसा वाऱ्यावर सोडू नका. तो शेतात गेला की परत गोळा होत नाही, तणसात मिसळून ढोरांच्या पोटात जातो. खाली जुनी चादर अंथरा, रोज झटकून पोत्यात भरा. जाळूही नका.

काचेचं कापड आणि इपॉक्सी

इपॉक्सीचं प्रमाण वजनाने मोजा, डब्यावर लिहिलंय तेवढंच. पॉलिएस्टरवाले मित्र सांगतील की लवकर वाळायला हार्डनर थोडा जास्त टाक. इपॉक्सीला हे चालत नाही. जास्त हार्डनर टाकलेलं इपॉक्सी कायम चिकट राहतं. एका वेळी २५०-३०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवल्यावर खोल वाटीत न ठेवता पसरट ताटात ओता. खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने पेटत जातं.

आधी उघड्या थर्माकोलवर इपॉक्सी आणि मायक्रोबलून (पोकळ दाण्यांची हलकी भुकटी) यांचा पातळ लेप ओढून दाण्यांमधली भोकं बुजवा. नाहीतर थर्माकोल रेझिन पीत राहतं आणि बोर्ड जड होतो.

लेपाची वेळ निवडण्यात विदर्भाच्या थंडीचा एक मोठा फायदा आहे आणि एक धोकाही. थर्माकोलच्या आत हवा असते. सकाळी काम सुरू केलं तर दिवस चढतो, आतली हवा फुगते आणि ओल्या कापडाखाली बुडबुडे सोडते. म्हणून बोर्ड दुपारी शेडमध्ये कोमट होऊ द्या आणि तीन-चारच्या सुमाराला, ऊन उतरायला लागलं की कापड भिजवायला घ्या. थंड होणारा बोर्ड रेझिन आत ओढून घेतो. धोका असा की डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि इपॉक्सी अर्धवट राहतं. तेव्हा हात लावण्याइतकं घट्ट झालं की बोर्ड बंद खोलीत हलवा.

तळ आधी. कापड पसरा, सुरकुत्या हाताने काढा, कडेवरून दोन इंच खाली लोंबतील एवढं ठेवून कापा, गोलाईवर कात्रीने चिरे द्या. रेझिन मध्यावर ओता, स्क्वीजीने कडेकडे न्या. कापड पारदर्शक झालं की भिजलं. त्यावर चकाकी उरली असेल तर रेझिन जास्त आहे, ओढून काढा. घट्ट झाल्यावर उलटवा आणि वरच्या बाजूला दोन थर. मग दोन्हीकडे बिनकापडाचा एक भरणीचा लेप. आधीचा थर बोटाला जेमतेम चिकटत असताना लेप दिला तर घासावं लागत नाही. तो पूर्ण वाळला असेल तर आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मग घासा, मगच लेप. धुण्याआधी घासलं तर मेणचट थर आत चोळला जातो आणि पुढचा लेप धरत नाही.

रंग द्यायचा असेल तर पांढरा. गडद बोर्ड आपल्या उन्हात तापतो आणि थर्माकोल कापडापासून सुटतो. नाकाकडे हवेचा छोटा झडपेचा स्क्रू, म्हणजे व्हेंट प्लग, बसवा. प्रवासात आणि उन्हात तो उघडायचा, पाण्यात उतरताना बंद करायचा. बोर्ड पायाला बांधून ठेवणाऱ्या दोरीचा कपही शेपटाकडे याच टप्प्यावर बसवा.

फिन

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात आणि पैसेही इथेच वाया घालवतात.

फिन नसेल तर बोर्डाचं शेपूट पाण्यावर आडवं घसरतं. टॉम ब्लेकनेच १९३५ मध्ये हवाईतल्या वायकीकीला, एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीच्या तळाचा कणा आपल्या बोर्डाखाली लावला, आणि बोर्ड पहिल्यांदाच हाताशी राहिला. पुढची पंचेचाळीस वर्षं एक फिन आणि दोन फिन यांची ओढाताण चालली. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिनचा बोर्ड केला आणि पुढच्याच वर्षी त्यावर तिथल्याच बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली. आज छोट्या बोर्डांवर बहुधा तीन फिन दिसतात ते त्यामुळे.

फिनचं बूड रुंद असेल तर रेटा जास्त मिळतो. फिन खोल असेल तर पकड जास्त. मागे झुकलेली फिन लांब, सलग वळणं घेते, ताठ उभी फिन जागच्या जागी फिरते. नवख्याला मध्यम झुकलेली, पुरेशी खोल फिन हवी. एका फिनच्या बोर्डाचा जुना ठोकताळा असा की बोर्डाच्या प्रत्येक फुटाला फिनचा एक इंच. आपल्या साडेआठ फुटी बोर्डाला ८ ते साडेआठ इंचांची फिन.

आता ती बसवायची कशी. पहिला मार्ग, फिन काचेच्या कापडाने कायमची चिकटवणं. मजबूत आणि देखणं, पण आपल्यासाठी निरुपयोगी. आपला बोर्ड समुद्राला जाणार तो रेल्वेच्या लगेजच्या डब्यातून आणि त्याआधी जीपच्या टपावरून. बाहेर आलेली फिन त्या प्रवासात टिकत नाही. तुटली तर बुडाशी थर्माकोल उघडा पडतो.

दुसरा मार्ग, शेपटाकडे साडेदहा इंचांची लांब खाच असलेला बॉक्स, ज्याला यूएस बॉक्स म्हणतात. फिनच्या बुडाच्या मागच्या टोकाला पितळी पिन असते, पुढे एक स्क्रू आणि छोटी चौकोनी पट्टी. पिन खाचेत घालून फिन पुढे-मागे सरकवता येते आणि हवी तिथे आवळता येते. तिसरा, एफसीएस: फिनला खाली दोन छोटे दात आणि बोर्डात त्यांच्या दोन खाचा. त्याची नवी आवृत्ती एफसीएस टू बिनस्क्रूची, दाबून बसते. चौथा, फ्युचर्स: एकच लांब दात आणि एकच लांब बॉक्स, पुढे एक स्क्रू. फ्युचर्सची फिन एफसीएसमध्ये बसत नाही आणि एफसीएसची फ्युचर्समध्ये नाही. जुनी एफसीएस फिन नव्या बॉक्समध्ये जोडपट्टी घालून बसते, नवी मात्र जुन्यात नाही. स्वस्त मिळाल्या म्हणून आधी फिन घेऊन बसाल तर बॉक्स शोधत फिराल. आधी पद्धत ठरवा, मग बॉक्स, मग फिन.

विदर्भात बांधलेल्या पहिल्या बोर्डाला यूएस बॉक्सच. कारणं सरळ आहेत. फिन प्रवासात काढून ठेवता येते. इंच-अर्धा इंच सरकवून बोर्डाचा स्वभाव बदलता येतो, म्हणजे एकाच फिनवर बरंच शिकता येतं. आणि फिन हरवली तर गावातल्या सुताराकडे दुसरी करता येते. दोन दातांची किंवा फ्युचर्सची फिन इथे घरी करणं अवघड, कारण दातांचं माप केसभर चुकलं की ती बसत नाही.

बॉक्सचं मागचं टोक शेपटापासून ६ ते ७ इंचांवर, बरोबर कण्यावर. थर्माकोल मऊ असतं, म्हणून बॉक्सभोवती थेट थर्माकोल ठेवू नका. चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त खोदून तिथे घट्ट फोम किंवा हलक्या लाकडाचा ठोकळा इपॉक्सीने बसवा आणि त्यात राऊटरने बॉक्सचा खड्डा पाडा. बॉक्सची खाच टेपने बंद करा, नाहीतर रेझिन आत शिरून पिनचा रस्ता बुजतो. रेझिन ओलं असतानाच टेपला चीर देऊन बॉक्समध्ये फिन उभी करून गुण्या लावा, मग नाकापासून शेपटापर्यंत सूत ताणून फिन सुतावर आहे का पाहा. अर्ध्या अंशाचा तिरपेपणा इथे दिसत नाही, पाण्यात बोर्ड सतत एका बाजूला ओढतो तेव्हा कळतो. घट्ट झाल्यावर वरून कापडाचा अंडाकृती तुकडा लावा आणि खाच पुन्हा उघडा.

घरची फिन करायची तर मरीन प्लायची करा. जाडी बॉक्सच्या खाचेच्या मापाची, कापडाचे थर चढतील तेवढी कमी धरून. आकार कापून घ्या आणि ग्राइंडरवर ६० नंबरची चकती लावून दोन्ही बाजू उतरत्या करा: पुढची कड गोल, जास्तीत जास्त जाडी पुढून साधारण तिसऱ्या हिश्शावर, मागची कड पातळ. प्लाय इथे तुमचा शिक्षक होतो. घासत जाल तसे आतले थर उघडे पडतात आणि उतारावरच्या धानाच्या बांधांसारख्या रेघा दिसतात. रेघा सलग आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतील तर फुगवटा बरोबर. एखादी रेघ मध्येच वाकली की तिथे खड्डा आहे. रेघा जुळेपर्यंत घासा. मग दोन्ही बाजूंना २०० जीएसएमचे दोन-दोन थर. मागची कड कितीही सुबक वाटली तरी सुरीसारखी ठेवायची नाही, दोन मिलिमीटर गोल ठेवा. पडल्यावर फिन पोटरीला लागते, आणि धारेची फिन कातडं फाडते. लहान मुलं वापरणार असतील तर रबरी कडेची तयार फिनच घ्या.

दुसऱ्या बोर्डाला तीन फिन लावायच्या ठरल्या तर सुरुवातीची मापं ही: मधल्या फिनची मागची कड शेपटापासून साडेतीन इंच, बाजूच्या फिनची ११ इंच, कडेपासून एक ते सव्वा इंच आत. बाजूच्या फिनचं पुढचं टोक पाव इंच आतल्या बाजूला वळलेलं आणि फिन चार-पाच अंश बाहेरच्या बाजूला कललेली. मधली फिन दोन्हीकडून फुगीर, बाजूच्या आतून सपाट. सत्तर किलोच्या माणसाला मध्यम मापाच्या. थर्माकोलच्या बोर्डाला फ्युचर्सचे बॉक्स मला जास्त पटतात, कारण जोर लांब बॉक्सवर पसरतो. पण ते कापड चढवायच्या आधी बसवावे लागतात, त्यामुळे मापं आधी पक्की हवीत.

तलावावर

बोर्ड आठवडाभर मुरू द्या, मग तलाव. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलावांना तोटा नाही, पण बहुतेक तलाव मच्छीमार संस्थेकडे असतात. आधी त्यांना विचारा. जाळी कुठे लावली आहेत, शिंगाड्याचे वेल कुठवर पसरले आहेत, हे डोंग्यावरचे धीवर काका सांगतील तेवढं कुणी सांगणार नाही. शिंगाड्याच्या वेलीत फिन अडकली की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. नवेगाव बांधसारखे तलाव वन खात्याकडे आहेत, तिथे परवानगीशिवाय उतरू नका. गोसेखुर्दच्या खालच्या अंगाला नदीतही नको, धरणातून पाणी कधीही सोडलं जातं. गोंदियाकडे सारसांची जोडी दिसली तर त्या काठाला जायचंच नाही. लाइफ जॅकेट घालूनच उतरा, पोहता येत असलं तरी.

तलावात लाटा नाहीत, पण बघायचं ते सगळं दिसतं. पोटावर झोपून हाताने वल्हवा. नाक पाण्यात घुसत असेल तर दोन बोटं मागे सरका, शेपूट बुडत असेल तर पुढे. नीट बसणारी जागा सापडली की तिथे पेन्सिलीने खूण करा, समुद्रात ती उपयोगी येते. फिन बॉक्सच्या मागच्या टोकाला ठेवा आणि समोरच्या काठावरचं झाड धरून सरळ जा. बोर्ड झाडावरून सतत उजवीकडे किंवा डावीकडेच ओढत असेल तर फिनचा कोन किंवा घासणी तपासा. मग फिन पुढे आणून पुन्हा तेच करा. बोर्ड सैल वागतो, पटकन वळतो. हा फरक पायाखाली एकदा कळला की फिनबद्दल निम्मं समजलं.

पाण्यातून काढल्यावर तळ पुसा आणि बॉक्सच्या कडेने बोट फिरवा. तासाभरानेही कुठून पाणी पाझरत असेल तर तिथे लेपात भोक राहिलं आहे. ते समुद्राला नेण्याआधीच बुजवा.

समुद्राकडे निघताना

फिन, स्क्रू आणि पट्टी काढून एका डबीत, डबी तुमच्या पिशवीत. बोर्डाला नाक आणि शेपूट या ठिकाणी दुप्पट गोधडी, कडांवर थर्माकोलचे उरलेले तुकडे, वरून ताडपत्री. रेल्वेत लगेजच्या डब्यासाठी आधी बुकिंग करा आणि व्हेंट प्लग उघडा ठेवा. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचं मेण इथून लावून नेऊ नका, प्लॅटफॉर्मवरच्या उन्हात ते वितळून गोधडीत जातं. ते तिथे गेल्यावर, उष्ण पाण्याचं मेण घेऊन लावा.

पहिले दोन-तीन दिवस शिकवणाऱ्यांसोबत, कमरेएवढ्या पाण्यात, फुटलेल्या पांढऱ्या लाटेवरच. पावसाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवर समुद्र नवख्याचा नसतो. फिन बॉक्सच्या मध्यावर ठेवून सुरुवात करा. बोर्ड लाटेवर वळायला जड वाटला तर अर्धा इंच पुढे, शेपूट घसरलं तर अर्धा इंच मागे. एका वेळी एवढंच, आणि प्रत्येक बदलानंतर निदान दहा-बारा लाटा. रोज संध्याकाळी स्क्रू आवळलेला आहे का ते पाहा आणि बॉक्समधली वाळू गोड्या पाण्याने धुवा.

कुठे तडा दिसला की लगेच पाण्याबाहेर या. थर्माकोलचा बोर्ड तड्यातून पाणी आत ओढून घेतो आणि ते बाहेर काढायला आठवडे जातात. तात्पुरती टेप त्या दिवसापुरती चालते, तीही बोर्ड कोरडा असताना लावलेली. घरी आणल्यावर तडा खालच्या बाजूला येईल असा बोर्ड सावलीत टांगा, दोन-तीन दिवसांनी काट्यावर तोलत राहा, वजन उतरायचं थांबलं की मगच कापड आणि इपॉक्सी लावा.